बाहेरून कडी

दार दोन बोटं आत आलं आणि थांबलं. मी पुन्हा ओढलं. पुन्हा दोन बोटंच. फटीतून गल्लीचा एक उभा तुकडा दिसत होता: समोरच्या भिंतीचा ओला चुना, शेजारच्या केवळाबाईच्या शेळीची दोरी, आणि डोळ्यांच्या जरा वर साखळीचा एक काळा दुवा. कडी बाहेरून लागली होती. माझ्या एका हातात न्याहारीचा डबा होता, दुसऱ्या हातात कुलूप. आतली खिट्टी मी रोज स्वतः काढते. आज ती आधीच काढलेली होती. म्हणजे आई पहाटे पहिल्या एसटीला जाताना तिनं ती काढली, बाहेर पडली, दार ओढून घेतलं. इथवर सगळं काल रात्री ठरल्याप्रमाणे होतं. मला उठवू नकोस, मी माझी जाते, असं ती म्हणाली होती. कडी ठरलेली नव्हती.

मी डबा खाली ठेवला. मग उचलून चुलीशेजारी, त्याच्या जागेवर ठेवला. मग तो तिथं असायची ही वेळ नाही म्हणून पुन्हा उचलला. या खोलीत येऊन मला एकोणीस दिवस झाले होते. त्याआधी दोन वर्षं सुलाबाई मावशीकडे होते, याच परभणीत, रेल्वेच्या पलीकडे. मावशीनंच मला कापसाच्या बियाण्याच्या केंद्रावर कामाला नेलं. या आषाढात तिच्या लेकीनं तिला जिंतूरला बोलावून घेतलं, मावशीचं घर सुटलं, आणि लिंबाजी, माझा भाऊ, मला घ्यायला आला. तो गंगाखेडला कचेरीत कारकून आहे. त्याच्या घरामागे एक खोली आहे, तिला खिडकी नाही. राणीसावरगावचं घर बंद करून आईला आणि मला तिथं न्यायचं असं त्याचं ठरलेलं. मी म्हणाले, मी परभणीला राहीन. तो हसला. मी पुन्हा तेच म्हणाले. सात-आठ वेळा म्हणाले असेन, कारण वाक्य बदलायचं कारण नव्हतं. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "एक म्हैना ऱ्हा. त्यात एकदा जरी काही झालं, एकदा जरी, तर मी गाडी घेऊन यील." एकदा म्हणजे किती मोठं, हे त्यानं सांगितलं नाही. तेव्हापासून मी त्या 'एकदा'ला घाबरून राहते आहे. दूध उतू गेलं तेव्हा मला वाटलं हेच ते. हापशावर माझी घागर फुटली तेव्हाही वाटलं. दोन्ही वेळा मी दारात उभी राहून गाडीची वाट पाहिली.

मी अर्धवट आहे असं गावात म्हणत. दादा, माझे वडील, मास्तर होते, ते म्हणायचे, पाढे तिसापर्यंत येतात तिला, अर्धवट कुठली. पण चार वर्षांची होईपर्यंत मी बोलले नव्हते हे खरं आहे, आणि बोलले तेव्हा दादांच्या वाचनमालेसारखं बोलले, तेही खरं. अजून तसंच बोलते. केंद्रावरच्या बाया म्हणतात, काय गं पुस्तकावानी बोलतीस, आणि हसतात. त्यात वाईट काही नसतं, हे मला मावशीनं समजावून सांगितलं म्हणून मी मानते. माणसांच्या डोळ्यांत मला बघवत नाही. मोठ्या गोष्टींना मी भीत नाही, आई सांगते, ओढ्याला पूर आला तेव्हा मी काठावर उभी राहून वाहून जाणारी लाकडं मोजत होते. मला भीती वाटते ती काल होतं तसं आज नसण्याची. मी नऊ वर्षांची असताना दादांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरात सगळ्यांची जुनी नावं गेली. माझं गुणा होतं, ते सत्यशीला झालं. वर्षभर मी त्या हाकेला ओ दिली नाही. लोकांना हट्ट वाटला. हट्ट नव्हता. हाक माझ्यासाठी आहे हे कळायचं, पण ओ देणारी अजून आलेली नव्हती. याला आता वीस वर्षं होतील, तरी कुणी मागून एकदम हाक मारली तर मी आधी जागीच थांबते.

आणि आता हे दार. मी बाजेवर बसले. हात मांडीखाली दाबून धरले, नाहीतर ते हलत राहतात आणि त्यांना हलताना पाहून मी आणखी घाबरते. कडी कुणी लावली, हा प्रश्न मी एकदाच विचारला आणि उत्तर लगेच आलं. दुसरं कुणी असणं शक्य नव्हतं. आईनं लावली. उत्तर आलं की भीती कमी व्हायला हवी. उलट ती वाढली, कारण दुसरा प्रश्न निघाला, आणि त्याचं उत्तर खोलीत कुठंच नव्हतं. तिनं मुद्दाम लावली का?

काल ती खोली पाहायला म्हणून पहिल्यांदाच आली. पिशवीतून ज्वारीचं पीठ काढलं, शेंगदाण्याची चटणी काढली, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला नमस्कार केला, आणि मग बसून नुसती बघत राहिली. तिनं पाण्याचा तांब्या उचलून बाजेच्या उजवीकडे ठेवला. मी तो परत डावीकडे ठेवला. थोड्या वेळानं तिनं पुन्हा उजवीकडे ठेवला, विसरून, आणि मी पुन्हा डावीकडे. तिनं ते पाहिलं. पाहून काही बोलली नाही. आई बोलत नाही तेव्हा मला तिचं काहीच कळत नाही. निजताना म्हणाली, "बरं हाय गं खोली. पर मला लय भ्या वाटतंय." कशाचं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "बघते लिंबाजीसंगं बोलून." काय बोलणार हे सांगितलं नाही आणि तिला झोप लागली. आता मला वाटायला लागलं, ते बोलणं म्हणजेच ही कडी. ती गंगाखेडला उतरणार, लिंबाजीला सांगणार, पोरगी तांब्या सरकवत बसते, मी तिला कोंडून आले, जा घेऊन ये. दुपारपर्यंत गाडी येईल. मी आयतीच आत असेन.

कोंडून घेणं मला नवं नव्हतं. मी पाच-सहा वर्षांची असताना विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलेली आईला सापडले. विहिरीत पाय सोडले की पायांखाली गार हवा लागते. पडायचं माझ्या मनातही नव्हतं, पण आईच्या मनात मी पडलेच होते, आणि ती मला तिथून कधीच बाहेर काढू शकली नाही. त्या दिवसापासून कडी. दादांनी दोन वर्षं शाळेत नेलं, पण घंटा झाली की मी कान दाबून ओरडायची, मग तेही संपलं. आई शेताला जाताना भाकरी झाकून ठेवायची, पाणी ठेवायची, माझ्या डोक्यावरून हात फिरवायची, बाहेर जायची. मग आवाज. आधी साखळी दारावर घासायची, मग कडी कोयंड्यात बसायची, मग तिची पावलं. मावशीनं मला इकडे आणेपर्यंत, एकवीस वर्षं. या आवाजाला मी कधी रडले नाही. खरं सांगायचं तर तो आवाज झाला की मला बरं वाटायचं. आता कुणी आत येणार नाही, काही बदलणार नाही, संध्याकाळपर्यंत सगळं जिथल्या तिथं.

आणि हेच बाजेवर बसल्या-बसल्या व्हायला लागलं. हातांची थरथर थांबली. खोलीत अर्धवट उजेड होता, तांब्या डावीकडे होता, फटीतून येणारी उजेडाची रेघ बरोबर दुसऱ्या फरशीवर पडली होती. श्वास सावकाश यायला लागला. आज मला हापशावरच्या बायांसमोरून जायचं नव्हतं. आज मोटारींचे भोंगे नाहीत, त्या कोपऱ्यावरचं पांढरं कुत्रं नाही, काही नाही. मी काही केलं नव्हतं, कडी लागलेली होती. मला इतकं बरं वाटलं की त्याचीच मला भीती वाटली. सकाळपासूनच्या सगळ्या भीतींत ही सगळ्यांत मोठी. मी इथं अशीच बसून राहीन, आणि मला ते आवडेल, आणि संध्याकाळी लिंबाजी येईल तेव्हा मी उठून त्याच्या मागे जाईन.

मिलचा भोंगा झाला. या भोंग्याला मी रोज घराबाहेर असते. केवळाबाई शेजारच्या खोलीतून निघते, मी माझ्या खोलीतून, आणि आम्ही दोघी केंद्रावर जातो. ती बोलते, मी चालते. तिच्या वहाणा वाजत आल्या आणि दारासमोर थांबल्या. फटीत तिच्या हिरव्या लुगड्याचा पट्टा दिसला. मी उठून फटीजवळ गेले. आमच्यामध्ये लाकडाची एक फळी होती. तिच्या तंबाखूचा वास येत होता.

"कडी लागलेली हाय की," ती स्वतःशीच म्हणाली. "मायला गाडीवर घालायला गेली वाटतं. तिकडूनच यील."

मला फक्त तिचं नाव घ्यायचं होतं. पाच अक्षरं. मी तोंड उघडलं. हाक मारणं म्हणजे काय ते लोकांना कळत नाही, त्यांना ते येतंच. आपला आवाज आपल्यातून बाहेर सोडायचा आणि तो दुसऱ्याला जाऊन धडकणार, तो मग वळून आपल्याकडे बघणार. मी आयुष्यात कुणाला हाक मारलेली नाही. शिवाय केवळाबाईनं कडी काढली असती तर अर्ध्या तासात हापशावर झालं असतं की मास्तराच्या पोरीला कुणीतरी कोंडलं, आणि तीन दिवसांत गंगाखेडला. हिरवा पट्टा फटीतून सरकला. वहाणा दूर गेल्या. मी तोंड उघडं ठेवून तशीच उभी होते, आणि मग ते मिटलं.

आता कुणी येणार नव्हतं. मला माझी ओळ आठवली. केंद्रावर माझी तेविसावी ओळ आहे. दुपारी दोननंतर आम्ही उद्या उमलणाऱ्या कळ्या शोधतो. ती कळी ओळखू येते, टोक पिवळसर होऊन जरा पुढे येतं. अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि परागांच्या भुकटीचा कोंब सोलून काढायचा, मधली नाजूक दांडी तेवढी ठेवायची, तिला नख लागू द्यायचं नाही, आणि वर लाल कागदाची टोपी घालायची. रात्रभर ती दांडी टोपीखाली उघडी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून पलीकडच्या वाणाचं ताजं फूल तिच्यावर घासायचं, देठाला दोरा बांधायचा. त्याचं बोंड होतं, बोंडातल्या सरकीचं नवं बियाणं. अकराच्या पुढे ऊन तापलं की उपयोग नाही, दांडी वाळते, आणि दोन दिवसांनी कळी गळून पडते. आदल्या दिवशी सोललेली कळी जिनं सोलली तिनंच सकाळी लावायची, असा मुकादमांचा नियम आहे, म्हणजे चूक कुणाची ते कळतं. काल मी दोनशे बारा कळ्या सोलल्या होत्या. दोनशे बारा लाल टोप्या आत्ता उन्हात उभ्या होत्या. त्यांचं सगळं मी काल काढून घेतलं होतं. त्यांना आता स्वतःचं काहीच करता येणार नव्हतं, आणि मी बाजेवर बसून बरं वाटून घेत होते.

कडी कशी काढायची हे मला ठाऊक होतं. तेच तर होतं. अकरा वर्षांची असताना एका दुपारी दादांची लाकडी फूटपट्टी मी दाराच्या फटीतून बाहेर घातली होती, सहज, काय होतं ते बघायला. पट्टी कडीखाली गेली. वर ढकलली. कडी कोयंड्यातून निघून खाली लोंबली आणि दार उघडलं. बाहेर ऊन होतं, उकिरड्यावर एक कोंबडी होती, आणि कुणीच नव्हतं. मी उंबऱ्यात उभी राहिले. मग आत आले, दार ढकललं, आणि पट्टीनं कडी पुन्हा कोयंड्यात चढवली. काढण्यापेक्षा लावायला फार वेळ लागला. पट्टीवरून कडी सतरा वेळा निसटली, मी घामाघूम झाले, पण आई यायच्या आत लावली. त्यानंतर पुन्हा कधी काढली नाही. कुणाला सांगितलंही नाही, कुणी विचारलं नाही.

ती पट्टी माझ्या ट्रंकेत आहे. मी ट्रंक उघडली. पट्टी दादांच्या धोतराच्या घडीत होती. पहिल्या तीन इंचांचे आकडे पुसलेले. मी दाराशी गेले आणि पट्टी फटीला लावून उभी राहिले, आणि मला हलता येईना. आईनं मुद्दाम लावली असेल तर ही कडी म्हणजे आईचं बोलणं होतं. ते मी आजवर मोडलं नव्हतं. ती चिडेल याची भीती नव्हती, ती कधीच चिडत नाही. ती विहिरीकडे बघायची तसं पुन्हा माझ्याकडे बघेल, याची होती. दादांच्या घड्याळात साडेसात झाले. आठ वाजायला दहा कमी असताना मी अजून तिथंच होते. मग मी डोळे मिटून दोनशे बारापासून उलटं मोजायला लागले. एकशे नव्वदच्या आसपास माझा हात आपोआप वर गेला. साखळी दारावर घासली. तोच आवाज, पण उलटा.

बाहेरचं ऊन अंगावर आलं तेव्हा मी जवळजवळ परत फिरले. दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. रस्ता चुकीच्या वेळेचा होता. रोजची माणसं निघून गेली होती, दुसरीच होती, सायकली, शाळेची मुलं, पालापाचोळ्याचा एक ट्रॅक्टर. पांढरं कुत्रं जागेवर नव्हतं आणि ते नसणं कुत्र्यापेक्षा वाईट निघालं, मी प्रत्येक आडोशाला ते शोधत गेले. पावलं मोजत होते, दोनदा विसरले. केंद्राच्या तारेपाशी पोचले तेव्हा पदर घामानं पाठीला चिकटला होता. भुजंगराव मुकादम ओळींच्या टोकाला उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "सत्यशीलाबाई, तुमची ओळ कुणाला देऊ का नको, ह्याच इचारात होतो. जा, लागा." मी लागले. अकराला पाच कमी असताना दोनशे बाराव्या देठाला दोरा बांधला. शेवटच्या तीस-चाळीस दांड्या जरा मलूल होत्या. त्यांचं काय होईल ते दोन दिवसांनी कळेल.

दुपारी भाकरीला घरी यायचं माझ्या फार जिवावर आलं. दारात गाडी असेल असं मला वाटत होतं. गल्लीच्या तोंडाशी थांबून मी आधी डोकावले. गाडी नव्हती. माझ्या पायरीवर आई बसली होती. एक वहाण पायात, एक तुटलेली हातात. डोकं दाराला टेकलेलं, आणि दुसरा हात वर करून तिनं कुलूप मुठीत धरलं होतं, सोडलं तर ते पळून जाईल असं.

मला पाहून ती उठली नाही. तिला उठता येत नसावं. "कुलूप कुणी लावलं?" तिनं विचारलं.

"मी."

"हात गेला गं माझा," आई म्हणाली. "इतक्या वर्सांचा हात. लावली कवा ते बी कळलं न्हाई. पोखर्णीच्या फाट्याला गाडी थांबली अन् मला त्यो आवाज याद आला. तिथंच उतरले. तिकडून गाडी न्हाई, काही न्हाई. चालत आले निम्म्यापातुर, मंग एका ट्रकवाल्यानं घेतलं. जीव थाऱ्यावर न्हवता. वाटलं, पोरगी आत..."

म्हणजे मुद्दाम नव्हती. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. कुठंच ठरलेलं नसताना अशी भर दुपारी पायरीवर बसायची माझी पहिलीच वेळ.

"केवळाबाईनं काढली का?" आईनं विचारलं.

"नाही. मी काढली. आतून."

तिला पटलं नाही. मी कुलूप उघडलं, आत गेले, तिला बाहेर उभं करून कडी लावायला सांगितली. तिचा हात थांबला. मी पुन्हा सांगितलं तेव्हा तिनं लावली. मी पट्टीनं काढून दाखवली. दार उघडलं तेव्हा आई उंबऱ्याबाहेर पट्टीकडे बघत उभी होती. दादांची पट्टी तिनं ओळखली.

"हे कवापस्नं येतंय तुला?"

"अकरा वर्षांची असल्यापासून."

आई अगदी हळू म्हणाली, "मी दिस-दिस शेतात ऱ्हायची. उन्हाळ्याची पत्र्याखाली तू. एकदा बी न्हाई काढलीस?"

"एकदा काढली. परत लावली."

"का गं माय?"

मला हा प्रश्न सोपा वाटला. "तू लावली होतीस," मी म्हणाले.

आईनं पदर तोंडाला लावला. लोक रडतात तेव्हा मला काय करायचं ते कळत नाही, मी तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला. ती पाणी न पिता रडत राहिली. मग विचारलं, "अन् आज?"

"आज दोनशे बारा फुलं होती."

भाकरी आम्ही दोघींनी खाल्ली. मला एक विचारायचं होतं. शेवटी खाली बघत विचारलं, "लिंबाजी म्हणाला होता, एकदा जरी काही झालं. हे एकदा धरायचं का?"

आईनं चटणीचं बोट चाटता चाटता माझ्याकडे पाहिलं. "हे माझं झालं," ती म्हणाली. "तुझं काय न्हाई झालं. सांगते मी त्याला."

दोनला मला परत निघायचं होतं, उद्याच्या कळ्या सोलायला. आई आता उद्या दुपारच्या गाडीनं जाणार होती. ती बाजेवर आडवी झाली होती, पाय सुजलेले. तांब्या डावीकडेच होता. मी बाहेर आले, आणि दार ओढायच्या आधी आतून तिचा आवाज आला.

"सत्यशीले, बाहेरून कडी लावून जा गं. अनोळखी गाव हाय. एकलीला मला भ्या वाटतंय."

मी उंबऱ्यात थांबले. तिनं एकवीस वर्षं कुणाच्या भीतीला कडी लावली होती, ते मला तेव्हा कळलं. तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण गेले असते तर मला पुन्हा निघवलं नसतं.

"नाही," मी म्हणाले. "तू उठ. आतून खिट्टी लाव. मी बाहेर उभी राहून ऐकते, मग जाते."

बाज करकरली. तिची पावलं फार सावकाश दारापर्यंत आली. खिट्टी तिला सापडेना, तिनं लाकडावर हात फिरवत शोधली. पहाटे तिनं ती काढली होती, पण एकटीनं आत राहून खिट्टी कधी लावलेलीच नव्हती. मी उन्हात उभी होते. हात हलत होते, मी ते हलू दिले. मग खिट्टी बसली. मी ऐकलं, आणि कामाला गेले.